सर्वांत दुबळ्याला पहिला बीम

सोमवार, ३ नोव्हेंबर

पहिला बीम कुणाला द्यायचा?

या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. नोकरीच्या मुलाखतीत येत होतं. तेव्हा घडाघडा सांगितलं होतं आणि समोरच्या एकाने मानही डोलावली होती. नोकरी लागली आणि उत्तर गेलं.

प्रश्न तसा साधा आहे. जुना टॉवर म्हणजे छताला टांगलेला बल्ब. उजेड सगळीकडे, धड कुणालाच नाही. नवा टॉवर म्हणजे टॉर्च. त्याच्या पाटीवर छोट्या छोट्या अँटेना बसवलेल्या असतात. त्या एका सुरात बोलल्या की लहरींचा झोत, म्हणजे बीम, नेमका एका फोनवर पडतो. पण आमच्या टॉवरला एका वेळी बीम आठच. चौकात फोन शेकडो. म्हणून डोळ्याचं पातं लवायच्या आत बीम इकडून तिकडे फिरवायचे, आणि कुणावर किती वेळ, किती जोराने, हे वाटून द्यायचं. हे वाटप करणारा प्रोग्राम म्हणजे शेड्यूलर. तो लिहिणं हे माझं काम.

सध्याचा शेड्यूलर ज्याला सिग्नल चांगला त्यालाच झुकतं माप देतो. कमी कष्टात जास्त डेटा जातो ना. म्हणजे ज्याच्या हाती ससा तो पारधी. मला हे पटत नाही. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. वर्गात शेवटच्या बाकावर काय ऐकू येतं, ते मला कुणी शिकवायला नको.

संकल्प. एक, सर्वांत दुबळ्याला पहिला बीम देणारा शेड्यूलर लिहायचा. दोन, रोज डायरी. तीन, चिडायचं नाही.

(तिसरा उद्यापासून.)

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आमच्या खोलीला खिडकी नाही. पूर्वी तिथे बॅटऱ्या ठेवत. दार आपोआप लागतं आणि आतून उघडायला कार्ड लागतं. माझं कार्ड कधी चालतं, कधी नाही. नाही चाललं की कुणीतरी बाहेरून येईपर्यंत मी काम करते. त्यामुळे माझं काम बरंच होतं. नेटवर्क कंपनीच्या प्लॅनिंगच्या खोलीत फोनला नेटवर्क येत नाही, याचं बाहेरच्यांना हसू येतं. आम्ही जिन्यात जाऊन बोलतो.

माझ्या शेजारी तथापि बसतो. त्याच्या प्रत्येक मेलमधलं दुसरं वाक्य ‘तथापि’ने सुरू होतं, म्हणून सगळे त्याला तथापि म्हणतात. त्याला माझी कल्पना सांगितली. म्हणाला, कल्पना चांगली आहे, तथापि एखादा फोन फारच वाईट जागी असला तर सगळे बीम तोच गिळेल, एका फोनला किती द्यायचं त्यावर मर्यादा घाल. मी म्हटलं, वा रे न्याय, उपाशी माणसाच्याच ताटाला मर्यादा. तो आपल्या स्क्रीनकडे वळला. पटलं असावं.

दुपारी मॅडमनी बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. त्यांना शब्द खर्च करायला आवडत नाही. बस स्टँडच्या चौकातला टॉवर महिनाभर तुझा, म्हणाल्या. जमलं तर मुख्य कार्यालयाच्या संशोधन विभागात जागा आहे. दुसरं शहर. वसतिगृह मिळेल, एका खोलीत एक माणूस. मी विचारलं, एकच? त्या म्हणाल्या, हो, तू.

घरी अजून सांगितलेलं नाही. घरचे माझ्याशिवाय कोलमडतील. रविवारी सगळे निवांत असताना नीट सांगेन.

बुधवार, ५ नोव्हेंबर

तीन टेस्ट फोन मिळाले. हे फोन दिवसभर आपोआप डेटा मागत राहतात, कायम भुकेल्या गिऱ्हाइकासारखे, आणि आपल्याला किती मिळालं याची नोंद आपल्या पोटातच ठेवतात. ती नोंद शेवटी काढायची. एक फोन स्टँडच्या तिकीट खिडकीत ठेवला, एक औषधांच्या दुकानात, एक आमच्या घरी खिडकीत. आमचं घर त्याच टॉवरच्या टप्प्यात येतं.

घरी सगळ्यांना बजावलं, याला हात लावायचा नाही. आईने विचारलं, महागाचा आहे का गं. मी म्हटलं, फार. ती खिडकीजवळून दोन पावलं मागे सरली. मग म्हणाली, तू निश्चिंत जा, ऑफिसची वस्तू आहे, मी डोळ्यांत तेल घालून जपते. रोज संध्याकाळी चार्जिंगला लावते, सकाळी कामाला निघताना नीट ठेवून जाते.

आई लाँड्रीच्या काउंटरवर बसते. लोकांचे कोट, चादरी, गालिचे तिच्या भरवशावर असतात. आजवर एक बटणही हरवलेलं नाही. अशी माणसं प्रकल्पाला मिळणं हे भाग्य.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

माझा शेड्यूलर चालू केला. संध्याकाळी सातनंतरचे आकडे उत्तम. सगळ्यांना सारखं मिळतंय. तथापिला दाखवले. तो म्हणाला, चांगलं आहे, तथापि दिवसाचे बघू.

हा माणूस कधी आनंदी होत असेल का?

शनिवार, ८ नोव्हेंबर

घरीही तेच तत्त्व लावायचं ठरवलं. माझं टेबल बाथरूमच्या दारासमोर आहे. दार बाहेरच्या बाजूला उघडतं. कुणी आत गेलं किंवा बाहेर आलं की मला खुर्ची घेऊन उभं राहावं लागतं. शिवाय जो येतो तो काहीतरी काम सांगूनच जातो. म्हणून जाहीर केलं की संध्याकाळचा माझा वेळ वाटून मिळेल आणि ज्याची अडचण सर्वांत मोठी त्याला आधी.

बाबांनी लगेच डोळ्यांना दिसत नसल्याचं सांगितलं. ते शहर बस चालवतात, त्यामुळे ऐकून जरा धास्ती वाटली. मग कळलं की फक्त पेन्शनचा फॉर्म दिसत नाही. धाकटा भाऊ म्हणाला, ताई, मी तर नापासच होणार आहे, माझ्याहून दुबळा कोण. खालच्या मजल्यावरचे काका वर आले होते ते नुसतेच खोकले. त्यांना परदेशातल्या मुलीला व्हिडिओ कॉल लावून हवा होता.

आठवडाभर संध्याकाळी शेड्यूलरच्या अभ्यासाला बसेन असं ठरवलं होतं. आज नाही जमलं.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज सांगायचं होतं. बाबांचा मूड वाईट होता. त्यांच्या बसमध्ये एकाने भांडण काढलं होतं. वाईट मूडमध्ये असं काही कानावर घालू नये.

बदलीच्या फॉर्मला पदवीच्या प्रमाणपत्राची कॉपी जोडायची आहे. प्रमाणपत्र लोखंडी कपाटात. घरातलं जे जे मोलाचं ते आई त्या कपाटात ठेवते आणि किल्ली तिच्या कमरेला. किल्ली मागितली तर कारण सांगावं लागेल. म्हणजे सांगितल्याशिवाय कॉपी नाही आणि कॉपीशिवाय फॉर्म नाही. तूर्त फॉर्म राहू दे.

टेस्ट फोन आईने स्वयंपाकाच्या ओट्यावर चार्जिंगला लावला होता. रुमालाने पुसूनही ठेवला होता.

सोमवार, १० नोव्हेंबर

चौकात कुणीतरी फार हालात आहे.

ग्राहकांची नावं आम्हाला दिसत नाहीत. फक्त बदलते आकडे दिसतात आणि बीम कुठल्या दिशेला वळला ते. आज सकाळी नऊनंतर एका फोनचा सिग्नल इतका क्षीण झाला की तो तुटला कसा नाही याचंच नवल. संध्याकाळी सहानंतर एकदम ठीक. म्हणजे दिवसपाळीचा कामगार. तळघरात असणार, किंवा एखाद्या गोदामात, जिथे ऊनही पोचत नाही.

जुन्या शेड्यूलरने या माणसाला कधीच सोडून दिलं असतं. माझा शेड्यूलर सोडणार नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मी त्याला तळघरवाला म्हणते. त्याच्या वाट्याचे बीम वाढवले. आठांपैकी कधी कधी पाच त्याच्याकडे वळतात. तरी त्याला थेंबभरच पोचतं. भिंती जाड असतील. तो मात्र मागायचं थांबवत नाही. सारखा मागतो. केवढी जिद्द.

बीमची दिशा आमच्याच गल्लीकडची आहे. म्हणजे माझा शेजारीच. रोज माझ्या बाजूने जातही असेल, मान खाली घालून.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

बाबा जेवताना सांगत होते, कंडक्टरचं तिकिटाचं मशिन दिवसभर गोल गोल फिरतं. लोक कंपनीच्या नावाने शिव्या घालतात. बाबा आरशात बघून गप्प बसतात. आमची मुलगी तिथेच आहे असं सांगितलं तर गाडीतून उतरू देणार नाहीत, म्हणाले.

मी समजावलं की आधी काही थोड्यांना भरपूर मिळायचं आणि काहींना काहीच नाही. आता सगळ्यांना सारखं मिळतं. बाबा म्हणाले, हो, आता कुणालाच मिळत नाही. समता आली म्हणायची.

माझ्याच घरात तत्त्व समजत नाही. चिडले नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चिडले. तथापिवर. विषय तोच.

शनिवार, १५ नोव्हेंबर

खालच्या काकांनी विचारलं, फोनवर बोलता बोलता गच्चीत फेऱ्या मारल्या की आवाज का तुटतो. त्यांना समजेल असं सांगितलं. बीम अरुंद असतो. फोन टॉवरला क्षणोक्षणी कळवत असतो की मी आता इथे आहे. टॉवर जुन्या निरोपावर विसंबून राहिला तर माणूस जिथे होता तिथे बीम पडतो, माणूस भलतीकडेच असतो. म्हणून विचारत राहावं लागतं. कितीही घाई असली तरी विचारायला वेळ राखून ठेवावाच लागतो.

काका म्हणाले, आमच्या मुलीला सांग हे. ती दर फोनला गुडघा कसा आहे विचारते. गुडघा केव्हाच बरा झाला. आता कंबर धरलीय. पण ती गुडघ्यावरच आहे.

मी हसले. काका हसले नाहीत. त्यांना सिग्नल नव्हता.

रविवार, १६ नोव्हेंबर

तळघरवाल्याला आज सुट्टी दिसते. दिवसभर सिग्नल छान. बरं वाटलं. निदान आठवड्याची सुट्टी तरी देतात त्याला.

घरी सांगायचं राहिलं. आईची सुट्टीही आजचीच आणि तिने साचलेलं धुणं काढलं. धुणं वाळत घालताना असल्या गोष्टी सांगायच्या नसतात. शिवाय मी गेले तर बाबांचा फॉर्म, धाकट्याचा अभ्यास, काकांचे कॉल हे सगळं कोण करणार? पेन्शनचा फॉर्म धाकट्याने शुक्रवारीच भरून दिला असं आत्ता कळलं. सही चुकीच्या जागी घेतली असणार. नंतर बघते.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

चौकातून तक्रारींचा पाऊस. दुकानांची कार्ड मशिनं बंद. औषधांच्या दुकानदाराने ग्राहकसेवेला फोन करून विचारलं, तुम्ही टॉवर विकलात का.

तथापि म्हणाला, तुझे तीन टेस्ट फोन कुठे कसे आहेत ते एकदा जाऊन बघ. मी म्हटलं, दोन मी स्वतः बघून आले आणि तिसरा माझ्या घरी आहे, माझ्या आईच्या हाती. तुझ्या आईच्या हाती असता तर बघितलं असतं. हे जरा जास्त झालं. पण तो म्हणाला, माझी आई असती तर तिने बटाट्यांत ठेवला असता. मग आम्ही दोघंही हसलो आणि विषय तिथेच राहिला.

बुधवार, १९ नोव्हेंबर, दुपारी दीड

कार्ड चाललं नाही. जेवायला जाता आलं नाही. आतून दार वाजवलं. पलीकडून कुणीतरी ढकला म्हणालं. ढकललं. दार ओढायचं होतं, तेही कार्ड लावून.

मॅडमनी सांगितलंय, शनिवारपर्यंत कारण सापडलं नाही तर जुना शेड्यूलर परत. मग संशोधन विभागही विसर.

संकल्प: तळघरवाल्याला प्रत्यक्ष भेटायचं. त्याच्या मालकाला सांगून त्याला निदान दाराजवळ बसायला लावायचं. माणूस एक पाऊल सरकला तरी अख्खा चौक सुटेल. कुणी याचा विचारच केला नाही. सगळे प्रोग्राममध्ये शोधतात. मी माणसात शोधणार.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

जे झालं ते क्रमाने लिहिते.

दुपारी हातातलं मीटर घेऊन निघाले. दुबळा फोन आपलं टॉवरला ऐकू जावं म्हणून जिवाच्या आकांताने ओरडत असतो. मीटर ते ओरडणं पकडतं आणि जवळ जावं तसं वाजत जातं. तळघरवाल्याला भेटल्यावर काय बोलायचं ते ठरवलं होतं. तुम्ही एकटे नाही, हे पहिलं वाक्य. त्याच्यासाठी बिस्किटांचा पुडाही घेतला.

मीटर मला आमच्या गल्लीत घेऊन गेलं. नंतर आमच्या इमारतीत. ऊर भरून आला. इतक्या जवळ. जिन्याखाली काकांचं अडगळीचं कोठार आहे. मी काकांना म्हटलं, आत कुणाला कामाला ठेवलंय का, खरं सांगा, मी कुणाला सांगणार नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं, किल्ली आणली, उघडून दाखवलं. एक मोडकी खुर्ची, एक सायकल. काका म्हणाले, सायकलला पगार देत नाही मी.

मीटर वर चला म्हणत होतं. पहिला मजला. आमचा मजला. आमचं दार.

खिडकीत फोन नव्हता. मीटर लोखंडी कपाटासमोर इतकं वाजलं की काकांनी कानांवर हात ठेवले.

लाँड्रीत गेले. आई काउंटर दुसरीच्या हवाली करून धावत आली. वाटेत तिने दोनदा विचारलं, काय गेलं गं चोरीला. कपाट उघडलं. माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राच्या फायलीवर, टॉवेलात गुंडाळलेला, तव्यासारखा तापलेला तिसरा टेस्ट फोन. आई म्हणाली, बघ, जसाच्या तसा आहे. रोज सकाळी ठेवते, संध्याकाळी आले की काढते. खिडकीत काय ठेवायचं, कुणीही हात घालून नेईल.

मग माझा चेहरा पाहून तिने विचारलं, बिघडला का. मी म्हटलं, नाही. फक्त थोडा दमलाय.

बिस्किटं काकांनी खाल्ली.

रात्री बाबांना कळलं. ते जी म्हण म्हणाले ती इथे लिहीत नाही. तीत कळसाही होता आणि वळसाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

मॅडमना खरं ते सांगितलं. त्यांनी उठून खिडकी उघडली. त्यांच्या खोलीला खिडकी आहे. मग म्हणाल्या, तो फोन काढ, मर्यादा घाल, पुन्हा चालव.

तथापि ऐकून जिन्यात गेला. दार आपोआप लागायला जरा वेळ घेतं, त्यामुळे त्याचं हसणं पहिल्यापासून ऐकू आलं.

एक गोष्ट मात्र कुणी लक्षात घेत नाही. शास्त्राच्या दृष्टीने माझा शेड्यूलर यशस्वीच ठरला. लोखंडी कपाटात, टॉवेलात, कुलूपबंद असलेल्या फोनचीही त्याने साथ सोडली नाही. दुसरा कुठला शेड्यूलर असं करेल?

रविवार, २३ नोव्हेंबर

सांगणार होते. बाबांचा मूड फार चांगला होता. तिकिटाची मशिनं चालू झाली आहेत. चांगला मूड बिघडवू नये.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आकडे सुंदर आले. मर्यादा घातल्यावर कोपऱ्यातल्यांना पूर्वीच्या दुपटीने मिळतंय आणि बाकीच्यांचं काही बिघडत नाही. मर्यादेची कल्पना शेवटी माझ्याच प्रयोगातून सिद्ध झाली. तथापिलाही तसं बोलून दाखवलं. तो म्हणाला, हो. पुढे काही म्हणाला नाही. पहिल्यांदाच.

मॅडमनी सांगितलं, संशोधन विभागाला तू हवी आहेस. शुक्रवारी सकाळपर्यंत हो की नाही कळव. नाही म्हणालीस तर जागा तथापिला जाईल, ते थांबणार नाहीत. आणि पुढच्या वेळी कधी, ते मला माहीत नाही.

बाहेर आल्यावर जिन्यात बसले. तिथे नेटवर्क होतं. वसतिगृहाचा फोटो पाहिला. खोलीत टेबल खिडकीखाली आहे. समोर दार नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

संध्याकाळी बाथरूमला येता-जाता तिघांनी मला सात वेळा उठवलं. धाकट्याने तर ब्रश विसरला म्हणून पुन्हा उठवलं. ही माणसं माझ्यावर किती अवलंबून आहेत.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

निर्णय झाला आहे. कसा झाला ते लिहून ठेवते म्हणजे पुढे कधी मन डगमगलं तर वाचता येईल.

मी गेले तर घर उघडं पडेल. हे मी मोठेपणा म्हणून लिहीत नाही. बाबांना कागद वाचून कोण दाखवणार? आईला लाँड्रीतल्या नव्या मशिनचं पुस्तक कोण समजावणार? धाकटा माझ्या धाकाने थोडाफार बसतो. काकांना कॉल लावता येत नाही. (परवा लावला म्हणे, आपला आपण. लागला असेल एकदा.)

राहिलं घरच्यांना विचारणं. त्यावरही खूप विचार केला. विचारलं तर ते काय म्हणतील ते मला पाठ आहे. बाबा खोकल्याचं निमित्त करून गॅलरीत जातील. आई तोंडाने जा म्हणेल आणि रात्रभर उशी ओली करेल. म्हणजे त्यांच्या तोंडून हो येईल पण तो खरा हो नसेल. ज्याचं उत्तर माहीत आहे ते विचारून माणसाला तोडायचं, हा अन्यायच. दुबळ्यावर ओझं टाकायचं नाही, हे माझं तत्त्वच आहे. म्हणून विचारायचं नाही. ठरवायचं, कळवायचं, आणि मग शांतपणे सांगायचं.

उद्या सकाळी ऑफिसात कळवेन. संध्याकाळी घरी सांगेन. बोलण्याचे दोन भाग केले आहेत. पहिला, मला बोलावलं होतं. दुसरा, मी काय केलं. मध्ये जरा थांबायचं, म्हणजे त्यांना पहिला भाग पचेल.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

जेवताना सांगितलं.

पहिला भाग ठरल्याप्रमाणे झाला. मला मुख्य कार्यालयाच्या संशोधन विभागात बोलावलं आहे, दुसऱ्या शहरात. मग ठरल्याप्रमाणे थांबले. आई ताटावरून उठली, मला वाटलं रडायला. ती डब्यातून साखर घेऊन आली आणि माझ्या तोंडात घातली. म्हणाली, अगं किती दिवस वाट बघत होतो आम्ही की तुला काहीतरी मोठं मिळेल आणि त्या बाथरूमसमोरून तू एकदाची उठशील. बाबा गॅलरीत गेले नाहीत. त्यांनी विचारलं, कधी निघायचं. मी काही बोलायच्या आत त्यांनी डेपोतल्या मित्राला फोन लावला, त्या शहराला रात्रीची कुठली गाडी जाते विचारायला. फोन एका झटक्यात लागला. म्हणाले, पुढची सीट धर, मुलगी आहे माझी, संशोधक.

मी म्हटलं, पण तुमचे कागद. ते म्हणाले, धाकटा बघतो ना आता, त्याला चांगलं जमतं. धाकटा तोवर उठून माझ्या टेबलावर वीत टाकत होता. ते जिन्याकडच्या भिंतीला बसतं का ते बघायला. बसतं म्हणाला. तिथे बाथरूमचं दार आडवं येत नाही, मग कुणालाच उठावं लागणार नाही. इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं आई म्हणाली आणि मग तिघंही हसले. मीही हसले.

आईने कपाट उघडलं आणि प्रमाणपत्राची फाईल माझ्या हातात दिली. लागेल तुला, म्हणाली. ती रडली नाही. खूशच होती. खरंच खूश होती. मी नीट बघितलं.

मग काका वर आले. बाबांनी त्यांना दारातच सांगितलं. काका म्हणाले, जा बाई, आणि तिथून फोन करशील तेव्हा आधी विचार की आता काय दुखतंय.

दुसरा भाग सांगायचा होता. सगळे एकदम बोलत होते, मध्ये जागा मिळाली नाही. नंतर बाबा झोपले, आई माझे दोन कुर्ते इस्त्रीला वेगळे काढत बसली. तिच्यापुढे उभी राहिले. ती म्हणाली, सरक गं जरा, उजेड येऊ दे. सरकले.

सकाळी दहाच्या आधीच मी मॅडमना नाही म्हणून कळवलं आहे. त्यांनी ते माझ्यासमोर पुढे पाठवलं, आणि दुपारी तथापिने हो म्हणून सही केली. पाठवण्याआधी मॅडमनी एकच प्रश्न विचारला होता. घरच्यांना विचारलंस ना?

मी हो म्हटलं.